नकुसा, टाकलेली, लो-रुहामा : नकोशा वाटणाऱ्या माणसावर देव प्रेम करतो म्हणजे नेमके काय?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक आगळा नामकरण सोहळा झाला. 'नकुसा' किंवा 'नकोशी' हे नाव घेऊन वाढलेल्या २८५ मुली रांगेने पुढे आल्या आणि त्यांना नव्या नावाचे प्रमाणपत्र व एक छोटा पुष्पगुच्छ देण्यात आला. कोणी सावित्री हे नाव घेतले, कोणी वैशाली, कोणी सिनेतारकेचे ऐश्वर्या. मुलगा हवा असताना पाठोपाठ मुली होत गेल्या की शेवटच्या मुलीचे नाव नकुसा ठेवायचे, म्हणजे पुढची तरी खेप मुलीची होणार नाही, अशी ती समजूत. बातमी देशभर गाजली. त्यानंतर गुच्छ सुकले आणि त्या मुली घरी गेल्या. दहा-बारा वर्षे चुलीपासून शाळेच्या हजेरीपटापर्यंत ज्या शब्दाने हाक मारली गेली, तो शब्द एका कागदाने अंगावरून उतरतो का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

नकोसेपण केवळ नावातूनच चिकटते असे नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, महिनेवारीने तीन मुलांच्या घरी फिरवला जाणारा म्हातारा, लग्नाच्या बाजारात मागे राहिलेला मुलगा, 'तू झालीस आणि घराचे दिवस फिरले' हे वाक्य ऐकत मोठी झालेली मुलगी, या सगळ्यांना तो अनुभव ओळखीचा आहे. अशा माणसाला ख्रिस्ती मनुष्य भेटला की तो हमखास म्हणतो, 'देव तुमच्यावर प्रेम करतो.' हे वाक्य आम्हा ख्रिस्ती घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत इतके सर्वत्र लिहिलेले असते की त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही. मी स्वतः ते वाक्य पुष्कळ वर्षे 'शुभ प्रभात'सारखेच ऐकत आणि म्हणत होतो. ऐकणारा मात्र गोंधळतो. जो देव दिसत नाही त्याचे प्रेम, आणि तेही जी माणसे दिसतात त्यांनी झिडकारल्यावर, नेमके कोठे शोधायचे? पुढील लेख त्या वाक्याचा अर्थ उलगडण्यासाठी आहे. ते कोणाच्या गळी उतरवण्याचा हेतू नाही.

प्रेम म्हणजे कोणते प्रेम?

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. मराठीत ज्या जागी आपण दया, करुणा, प्रेम असे शब्द वाचतो, तेथे मुळात बरेच वेगवेगळे शब्द आहेत. त्यांपैकी दोनच येथे पुरेसे आहेत.

पहिला हिब्रू शब्द 'रहमीम', म्हणजे कळवळा. 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, आणि हा शब्द त्याच्याशी नाते सांगतो. पोटच्या लेकराविषयी आईच्या शरीरातच जी ओढ उठते, ती यात अभिप्रेत आहे. नव्या करारात येशूला गर्दीचा, कोडी माणसाचा किंवा विधवेचा कळवळा आला असे जेथे लिहिले आहे, तेथील ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे. इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगावे लागते, मराठी वाचकाला नाही, कारण 'आतडे तुटणे', 'आतड्याची माया' हे आपण रोज बोलतो. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात, उधळ्या मुलाचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) आहे. वाटणी उधळून परत येणाऱ्या मुलाला बाप लांबून पाहतो आणि धावत सुटतो, तेथे हेच क्रियापद आहे. त्या बापाचे आतडे तुटले, इतके साधे ते वाक्य आहे.

दुसरा शब्द 'अगापे'. हे प्रेम आवडण्यावर उभे नसते. आवडणे समोरच्याच्या रूपावर, गुणांवर, उपयोगावर अवलंबून असते, म्हणून ते येते आणि जाते. अगापे म्हणजे एखाद्याला आपले मानण्याचा आणि त्याच्या भल्यासाठी स्वतःची झीज सोसण्याचा निर्णय. रात्री दोन वाजता तापलेल्या बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या आईला त्या घटकेला गोड भावना येत असतील असे नाही. बहुधा तिला झोप येत असते. पट्टी मात्र बदलली जाते. ख्रिस्ती श्रद्धा देवाविषयी बोलताना हे दोन्ही शब्द एकत्र धरते, म्हणजे आतड्याची ओढ आणि न ढळणारा निर्णय.

जिचे नावच 'माया नसलेली' होते

साताऱ्याच्या मुलींची बातमी वाचताना मला जुन्या करारातील होशेय संदेष्टा आठवला. हा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्यात होऊन गेला. लोकांनी देवाला सोडले, दुबळ्यांना लुटले आणि त्यामुळे देवाशी असलेले नाते तुटले, हे त्याला बोलून नव्हे तर जगून दाखवायचे होते. त्याच्या मुलीचे नाव ठेवले गेले 'लो-रुहामा'. 'लो' म्हणजे नाही, आणि 'रुहामा' त्याच गर्भाशयाच्या कुळातला शब्द. म्हणजे जिच्यावर माया केली गेली नाही ती. पाठच्या मुलाचे नाव 'लो-अम्मी', म्हणजे माझे लोक नव्हेत. गावच्या पाणवठ्यावर त्या पोरीला कोणी हाक मारली की साऱ्या राष्ट्राचा दोष ऐकू येत असे. एका लेकराला असे नाव देववणे हा प्रसंग मला अजूनही पचत नाही, आणि प्रतीक म्हणून त्याचे स्पष्टीकरण कितीही दिले तरी तो खुपतो हे कबूल करून पुढे जातो.

पुढे काय होते ते महत्त्वाचे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी आणि पुन्हा शेवटी देव तीच नावे उलटवतो. नवे, वेगळे, मंगल नाव शोधले जात नाही. फक्त पुढचा 'लो' काढून टाकला जातो. लो-रुहामाची रुहामा होते, लो-अम्मीचा अम्मी होतो. ज्या शब्दाने जखम केली, त्याच शब्दातील नकार पुसला जातो.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या बासष्टाव्या अध्यायात हीच गोष्ट उद्ध्वस्त यरुशलेम नगरीविषयी, तिला बाई कल्पून, सांगितली आहे. यापुढे तुला 'टाकलेली' म्हणणार नाहीत, तुला 'हेफसीबा' म्हणतील. म्हणजे जिच्यात माझा आनंद आहे ती. 'टाकलेली' हा शब्द मराठी खेड्यात आजही एका विशिष्ट बाईला लावला जातो, आणि ते वचन मोठ्याने वाचले जाते तेव्हा उपासनेला बसलेल्या काही बायका मान खाली घालतात, हे मी पाहिले आहे.

पगार आणि रेशनकार्ड

आता 'कृपा' हा शब्द. ख्रिस्ती भाषेत कृपा म्हणजे न कमावलेले देणे. पगार कामाच्या बदल्यात मिळतो आणि काम थांबले की थांबतो. रेशनकार्डावर लेकराचे नाव चढते तेव्हा त्याने काय कमावले हे कोणी विचारत नाही. ते या घरचे आहे एवढे पुरते. नकोसे वाटणारा माणूस सहसा आयुष्यभर पगाराच्या हिशेबाने जगतो. मी अधिक राबलो, अधिक गोरा झालो, परीक्षेत पहिला आलो, कोणाला त्रास दिला नाही, तर मला ठेवून घेतील, असा तो हिशेब असतो. देवाकडेही तो तीच पाटी घेऊन येतो, 'मी पुरेसा चांगला झालो की देव प्रेम करील.'

नवा करार हा क्रम उलटा लावतो. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीच्या, वेळी आकाशातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस. त्या घटकेपर्यंत मार्कने येशूचा एकही चमत्कार, एकही प्रवचन सांगितलेले नाही. पसंती आधी, काम नंतर. येशूचा आरंभीचा प्रचारक पौल रोमकरांना पाठवलेल्या पत्रात लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे सुधारणेची वाट पाहून प्रेम दिले गेले नाही.

त्याच पत्रात पौल 'दत्तकपणा' हा शब्द वापरतो, आणि तो रोमच्या वाचकांना लिहिला आहे हे ध्यानात घेतले तर त्याची धार कळते. आपल्याकडे दत्तक म्हटले की पाळण्यातले मूल डोळ्यांसमोर येते. रोमन समाजात पुष्कळदा कर्त्या पुरुषालाच दत्तक घेत, घराण्याचे नाव आणि वारसा चालावा म्हणून. दत्तकाला नवे नाव मिळे, आणि वारसाहक्कात तो पोटच्या मुलाहून कमी नसे. पौलाने हे पत्र सुमारे इसवी सन ५७ मध्ये लिहिले असे अभ्यासक मानतात. त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता. क्लॉडियस बादशहाने इसवी सन ५० मध्ये त्याला दत्तक घेतले, त्याचे नाव बदलले, आणि चार वर्षांनी ब्रिटानिकस हा पोटचा मुलगा हयात असताना नीरो बादशहा झाला. दत्तक म्हणजे दुय्यम अपत्य नव्हे हे रोममधल्या गुलामालाही ठाऊक होते. अशा नगरीतील गुलामांना, विधवांना, परदेशी कारागिरांना पौल सांगतो की देवाने तुम्हाला दत्तक घेतले आहे, तुम्ही त्याला 'अब्बा', म्हणजे बाबा, म्हणा, आणि तुम्ही वारस आहात. नीरो पुढे कसा निघाला ते सर्वज्ञात आहे, म्हणून उपमा येथेच सोडतो.

हागार : जिचे नाव घरात कोणी घेत नव्हते

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातील हागार ही मिसरी दासी. अब्राहामाची पत्नी सारा हिला मूल होत नव्हते, म्हणून तिने हागारेला नवऱ्याच्या हवाली केले. हागार गरोदर राहिली, घरात धुसफूस सुरू झाली, साराने तिला जाचले आणि ती रानात पळाली. कथा बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. सारा आणि अब्राहाम बोलताना तिचे नाव कधीच उच्चारत नाहीत. 'माझी दासी', 'तुझी दासी', पुढे एकविसाव्या अध्यायात 'ही दासी'. तिला पहिल्यांदा नावाने हाक मारतो तो झऱ्याकाठी भेटलेला देवदूत. हागारे, कोठून आलीस आणि कोठे चाललीस, असे तो विचारतो.

तिने दिलेले उत्तर अर्धेच आहे. कोठून आले ते ती सांगते. कोठे जायचे ते तिला माहीत नाही. घर सोडून एस.टी. स्टँडवर रात्र काढलेल्या कोणत्याही बाईला ते अर्धे उत्तर समजेल. मग ती त्या देवाला नाव देते, 'एल-रोई', म्हणजे मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे. अब्राहाम नव्हे, मोशे नव्हे, घरातून पळालेली एक परकी दासी.

येथे एक अडचण आहे आणि ती दडपू नये. देवदूत तिला परत जायला सांगतो. या एका वाक्याच्या आधारे मार खाणाऱ्या बायकांना सासरी परत धाडणारे उपदेशक मी ऐकले आहेत. ते कथा पुरती वाचत नाहीत. एकविसाव्या अध्यायात हागार पुन्हा रानात येते, या वेळी मुलासह घराबाहेर काढलेली. पखालीतले पाणी संपलेले असते आणि मूल मरताना पाहवत नाही म्हणून ती बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते. या खेपेस तिला कोणी परत पाठवत नाही. तिला विहीर दाखवली जाते आणि मुलगा रानातच वाढतो. देव प्रेम करतो याचा अर्थ मारहाण सोसत राहावे असा होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा वापरणे हे विश्वासाच्या विरोधात नाही.

'देव प्रेम करतो तर माझ्याच माणसांनी मला का टाकले?'

या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माजवळ नीटनेटके उत्तर नाही, आणि जो ते असल्याचे सांगतो त्याच्यापासून थोडे सावध राहावे. इतके मात्र सांगता येते की माणसांनी टाकणे ही देवाची इच्छा होती असे बायबल म्हणत नाही. बायबलमधील स्तोत्र २७ मध्ये कवी लिहितो की आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील. आईबाप सोडू शकतात, हे तेथे निमूटपणे गृहीत धरले आहे. यशया त्याच्याही पुढे जातो. अंगावर पिणाऱ्या लेकराला आई विसरेल काय, असे तो विचारतो, आणि आपण 'छे, कधीच नाही' म्हणणार तोच स्वतः म्हणतो की एखादी विसरेलही, पण मी विसरणार नाही. देवाला माउली म्हणायची ज्यांच्या कानांना सवय आहे, त्या मराठी वाचकांनी हे दुसरे वाक्य सावकाश वाचावे. येथे देवाला आईची उपमा देऊन कवी थांबत नाही. आई कमी पडते तेथून तो पुढे बोलतो. ज्यांना आईची माया मिळालीच नाही, त्यांना केवळ आईच्या उपमेने देव कळणार नाही, याची त्याला जाण होती असे दिसते.

'ही शेवटी मनाची समजूतच ना?'

आक्षेप रास्त आहे. दुःखी माणूस आपल्याला सोसवेल असा देव कल्पून घेतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि देवाचे प्रेम प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवता येत नाही. मात्र केवळ समजूत घालण्यासाठी कोणी कथा रचली असती तर तिच्या मध्यभागी वधस्तंभ ठेवला नसता. मार्क आणि मत्तय सांगतात की येशूने मरताना मोठ्याने आरोळी मारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलेस?' हे स्तोत्र २२ चे पहिले वाक्य आहे, आणि मार्कने ते येशूच्या मातृभाषेत, अरामी भाषेत, जसेच्या तसे नोंदवले आहे. 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी.' शिष्य पळाले होते, त्यांतल्या पेत्राने ओळख नाकारली होती, गर्दीने येशूऐवजी बरब्बा नावाच्या कैद्याला सोडवून घेतले होते. नकोशा माणसाचे सगळे अनुभव त्या एका दिवसात आहेत.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असा की त्या खांबावर असलेला मनुष्य हा देवच होता. हे खरे मानावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण खरे मानले तर एक गोष्ट ओघाने येते. टाकलेपण म्हणजे काय हे देव वरून पाहत नाही, तो आतून जाणतो. सांत्वन करायला आलेल्या शेजारणीला स्वतःचे मूल गेलेले असते तेव्हा ती फार बोलत नाही, नुसती बाजूला बसते, आणि तिचे बसणे वेगळे असते. तसे काहीसे.

'मी प्रार्थना करतो, पण काहीच जाणवत नाही'

हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतःलाच दोष देतात. माझा विश्वास उणा आहे, माझ्यात काही पाप आहे, म्हणून देव गप्प आहे, असे त्यांना वाटते. दोन उदाहरणे पाहू.

पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, आणि पदरी तान्ही मुलगी राहिली. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या अनुभवाविषयी त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षे. या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते. म्हणजे बाहेरून भक्कम दिसणाऱ्या, संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या, दुसऱ्यांना आसरा देणाऱ्या बाईलाही 'मी जशी आहे तशी स्वीकारली गेले आहे' हे मनात उतरायला इतका अवधी लागला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-विधवांसाठी केडगावला मुक्तीचे आवार उभे राहिले, ते त्यानंतर. साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात त्यांनी आपली शेवटची वर्षे घातली.

दुसरे उदाहरण कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचे. कुष्ठरोग किंवा क्षयापेक्षाही आपण कोणालाच नको आहोत ही भावना अधिक भयंकर आजार आहे, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला, कारण स्वतः त्यांनाच कित्येक दशके प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवत नव्हता, पोकळी जाणवत होती. त्यांच्या टीकाकारांनी याला ढोंग म्हटले. २०१६ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संत घोषित केले, आणि ते ही पत्रे उघड झाल्यानंतर.

तापात जिभेची चव जाते. भाकरी मातीसारखी लागते. त्या वेळी आई 'भाकरी बिघडली' म्हणत नाही. 'दोन घास खा, चव येईल' म्हणते. दीर्घकाळ झिडकारल्या गेलेल्या मनाची चवही अशीच गेलेली असते, आणि प्रेम समोर आले तरी त्याला आधी संशय येतो. ख्रिस्ती परंपरा म्हणूनच भावनेवर फार भार टाकत नाही. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या विधीत, भाकरीचा तुकडा हातात दिला जातो, बाप्तिस्म्याचे पाणी अंगावर पडते, वचन कानाला ऐकू येते. मन कसेही असो, या गोष्टी बाहेर घडतात.

'पण मंडळीतच मला कोणी विचारत नाही'

मंडळी म्हणजे चर्चमध्ये एकत्र उपासना करणारे लोक. हा आक्षेप सर्वांत कठीण, कारण तो खरा आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात, विशेषतः अहिल्यानगरच्या बाजूला, महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गावाने जातीपायी त्यांना वेशीबाहेर ठेवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत धरले गेले नाही. आणि चर्चमध्ये आल्यावर सोयरिकीच्या वेळी पूर्वीची जात पुन्हा विचारली गेली. घटस्फोटित बाईला महिला मंडळात कामाला बोलावतात आणि लग्नात हळद लावायला बोलावत नाहीत, हेही होते. ज्या मंडळीत मी वाढलो तेथे उपासनेला येणारी एक म्हातारी वर्षानुवर्षे दाराशी, चपलांच्या रांगेलगत बसे. पुढे बाके रिकामी असत. 'आजी, पुढे या' असे आमच्यापैकी कोणी कधी म्हटले नाही, आणि त्यात मीही आलो.

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच दृश्य आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतला आला की 'तू तेथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांशी बस.' याकोब याला शिष्टाचाराची चूक म्हणत नाही. तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात, असे तो म्हणतो. मंडळीने नाकारले म्हणजे देवाने नाकारले असा निष्कर्ष त्यामुळे निघत नाही. उलट त्या घटकेला मंडळीच देवासमोर आरोपी असते. तरीही ज्याला दोन ठिकाणी उंबऱ्यावर अडवले, त्याने तिसरे दार ठोठवावे, एखादी लहान प्रार्थनासभा, एखादे समजूतदार पाळक किंवा धर्मगुरू शोधावेत, असे मी सुचवीन. एकट्याने हे पेलणे अवघड असते.

प्रार्थना करावी की डॉक्टरांकडे जावे?

दोन्ही. एलिया हा मोठा संदेष्टा, पण राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानातल्या एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. तो झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले जाते. बोलणे त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असे वाटत असेल, तर ते औषधोपचाराचे काम आहे आणि ते विश्वासाचे अपयश नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

सुरुवात करायची तर

ज्यांना वाचून पाहायचे आहे त्यांनी मोठ्या संकल्पापेक्षा एक स्तोत्र घ्यावे. स्तोत्र २७ आशेकडे नेते. पण मन अगदीच काळोखात असेल तर स्तोत्र ८८ वाचावे. तेथे शेवटी उजेड होतच नाही, अंधार या शब्दावर ते संपते, आणि तरीही ती प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवली आहे. देवाशी तक्रारीच्या सुरात बोलायची मुभा आहे, हे त्यावरून कळते. आणि उधळ्या मुलाचा दाखला वाचताना थोरल्या भावाकडेही पाहावे. घर न सोडता, राबता राबता तोही नकोसा झालेला आहे. मला कधी एक करडूही दिले नाही, असे तो म्हणतो. बाप त्याच्यासाठीही अंगणात बाहेर येतो. तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेले नाही.

आमच्या घरी आजोबांचे एक जुने बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी शाईच्या पेनने मुलांची नावे, जन्मतारखा आणि बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिल्या आहेत. पाठोपाठची तिसरी मुलगी, म्हणजे माझी आत्या, त्या यादीत नव्हती. आजी उतारवयात प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकली, आणि एके दिवशी तिने निळ्या बॉलपेनने, ओळ सोडून, वाकड्या अक्षरांत आत्याचे नाव सगळ्यात खाली लिहिले. जन्मतारीख लिहिली नाही, कारण ती कोणाच्या लक्षात नव्हती. पुढे आत्याच्या कामासाठी दाखला हवा होता म्हणून आम्ही गावच्या चर्चची जुनी नोंदवही काढली. तिच्यात मात्र ती होती, तेव्हाच्या पाळकांच्या हातची, आपल्या क्रमाने, दोन भावंडांच्या मध्ये. जन्माचा रकाना तेथेही कोराच होता, बाप्तिस्म्याची तारीख होती. आत्या आता त्या तारखेला आपला वाढदिवस करते.